जुनी शिडाची बोट नीट करावी, की मोठीसाठी पैसे साठवावेत?

वाघोटणकाठ

गणपती झाले, पाऊस ओसरायला लागलाय आणि आमची 'मैना' अजून माटवाखाली आहे. दर वर्षी या दिवसांत मी ताडपत्री बाजूला करतो, आतला कोंदट वास जाऊ देतो आणि कामांची यादी करायला बसतो. यंदा यादी एवढी लांबली की वहीचं पान उलटावं लागलं. तिथेच थांबलो आणि हा धागा काढतोय.

मैना २२ फुटी, फायबरची, १९९४ सालची. नऊ वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका गृहस्थांकडून पावणेचार लाखांना घेतली. तिचा कील, म्हणजे तळाखालचं जड पातं, वर उचलता येतो. वर घेतला की दीड फूट पाण्यात तरंगते, सोडला की सव्वाचार फूट लागतं. विजयदुर्गाला खाडीत नांगरलेली असते, मे महिन्यात ट्रॅक्टरने ओढून वाडीत आणतो. नोकरी रत्नागिरीला, त्यामुळे शनिवार-रविवार तेवढे तिचे.

दोन्ही शिडं झोळीसारखी झालीत, त्यांचे एक लाख दहा हजार. डोलकाठीला उभं धरणाऱ्या तारा मी घेतल्यापासून बदललेल्या नाहीत, पंचावन्न हजार. डोलकाठीच्या पुढे डेकवर पाय ठेवला की किंचित दबतं, त्या कामाचे ऐंशी हजार सांगितलेत. आउटबोर्ड, म्हणजे मागे लावायचं इंजिन, सातआठ वेळा ओढल्याशिवाय उठत नाही, नवं घ्यायचं तर दीड लाख. शिवाय गाद्या, दिवे, बॅटरी. सगळं चार लाखांच्या पुढे जातं, म्हणजे बोटीच्या किमतीहून जास्त.

चार लाख माझ्याकडे आहेत. महिन्याला बारा हजार बाजूला टाकू शकतो. मुंबईत एक ३० फुटी विकायला आहे, १४ लाख म्हणतात. आत उभं राहता येतं, संडास आहे, चौघं झोपतात. ती नाही मिळाली तर तशी दुसरी मिळेल.

माझी इच्छा मोठी नाही. घरच्यांना घेऊन विजयदुर्गाहून मालवणला जायचं, दोन रात्री राहायचं आणि शिडावर परत यायचं. मैनेतून एकदा गेलो होतो. जाताना स्वर्ग होता. येताना दुपारच्या वाऱ्याला तोंड देत आचऱ्याच्या समोर पोचेपर्यंत सगळे गळाले. मुलगी उलट्या करून निपचित पडली होती. इंजिन लावून कसेबसे देवगडात घुसलो. ती तेव्हा अकरा वर्षांची होती, आता तेरा आहे. त्यानंतर तिने रात्रीच्या मुक्कामाचं नाव काढलेलं नाही.

ज्यांनी यातलं काही केलंय त्यांनी मनापासून सांगा.

पुळण

मोठी घ्या आणि आम्हालाही मालवणला न्या. सुरमईचा खर्च माझ्याकडे.

हिशेबनीस

आकडे मांडतो, ठरवायचं तुम्ही.

चार लाखांना हात न लावता महिन्याला बारा हजार घातले आणि सात टक्के व्याज धरलं, तर १४ लाख व्हायला साधारण पाच वर्षं लागतील. चारही लाख मैनेवर खर्च करून शून्यापासून सुरुवात केली तर साडेसात. म्हणजे पूर्ण दुरुस्ती तुम्हाला अडीच वर्षांना पडते. विकताना हे पैसे परत येतील असं समजू नका. पावणेचारच्या बोटीवर चार लाख घातले म्हणून कुणी पावणेआठ देत नाही.

पण आकड्यांपलीकडची एक गोष्ट दिसते ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. पैसे साठवायचं ठरवलंत तर मधली पाच वर्षं बसणार कशात? आणि मोठी बोट दारात येईल तेव्हा कन्या अठरा वर्षांची असेल, शिकायला पुण्या-मुंबईला निघालेली.

वाघोटणकाठ

हिशेबनीस, हा शेवटचा हिशेब मी मांडलाच नव्हता. वाचून थोडा वेळ बाहेर जाऊन बसलो.

खारावारा

मी मुंबईत बावीस वर्षं डोलकाठ्या आणि तारांचं काम करतोय. वाघोटणकाठ, तुमची यादी पैशांच्या अंगाने लिहिलीय. ती अशी लिहा: काय तुटलं तर घरी परत येता येणार नाही? ते पहिलं. गाद्या शेवटी, किंवा कधीच नाही.

तारांचं वय तुम्हाला माहीत नाही, हीच मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट आहे. दहा ते पंधरा वर्षांत तारा बदलतात. आपल्याकडे बोटी चार महिने वर असतात म्हणून त्या जास्त टिकतात असं पुष्कळांना वाटतं. पण डोलकाठी उतरवून ठेवली तरी मीठ तारेतच असतं, आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत ते ओलं राहतं. स्टेनलेस गंजत नाही हाही गैरसमज. तारेचं टोक जिथे नळीत दाबून बसवलेलं असतं तिथे खारं पाणी साठतं, हवा लागत नाही, आणि तिथूनच तार आतल्या आत खाल्ली जाते. वरून चकचकीत दिसते.

डोलकाठी आडवी आहे तोवर हे करा. कापसाचा मोठा बोळा घ्या आणि प्रत्येक तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुसत जा. कुठे तंतू तुटला असेल तर कापूस अडकेल. नुसतं बोट फिरवू नका, तुटका तंतू सुईसारखा घुसतो. मग टोकाच्या नळ्यांवर भिंग धरा. केसाएवढी उभी रेघ दिसली तरी ती तार बाद. एकोणीस तंतूंतला एकच तुटला, अठरा आहेत की, असं म्हणू नका. ते अठराही त्याच वयाचे आहेत आणि त्यांनी तेच धक्के खाल्लेत.

तारा ज्या पट्ट्यांना अडकवलेल्या असतात त्या पट्ट्या खोलून बाहेर काढा. डेकमधून खाली जाताना पट्टीचा जो दोन बोटं भाग झाकलेला असतो, तिथेच चीर असते. जागेवर ठेवून बघितलं तर ती दिसत नाही.

डेकचं म्हणाल तर स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने वीत-वीत अंतरावर ठोकत जा. फायबरच्या दोन थरांमधलं लाकूड चांगलं आहे तिथे टणक आवाज येईल, कुजलंय तिथे भद्द. भद्द आवाजाची हद्द खडूने आखा. हद्द न आखता कुणी ऐंशी हजार सांगितले असतील तर तो नुसता अंदाज आहे.

शिडांच्या शिवणीवर नख घासून बघा. दोरा पटापट तुटला तर उन्हाने दोरा गेलाय. कापड चांगलं असेल तर पुन्हा शिवण मारून मिळते. पण झोळी झालेलं कापड शिवून सपाट होत नाही, ते बदलायलाच लागतं.

सुतारपक्षी

+१. खडूची युक्ती शंभर टक्के खरी. डेकवर मी सविस्तर लिहितो, आज कामावर आहे.

तांडेलाची_लेक

बाबांना हा धागा वाचून दाखवला. देवगडातून चाळीसेक वर्षं समुद्रावर जात होते, त्यातली पहिली काही शिडावर. शांतपणे सगळं ऐकलं आणि म्हणाले, "व्हडी केवढी ता मगे बघ. आधी पावसात ती खंय ठेवतलस ता सांग."

दादा, खरंच सांगा, ३० फुटी बोट जूनमध्ये कुठे ठेवणार? तिचा कील उचलता येत नसेल, म्हणजे साडेपाच फूट पाणी लागणार. ट्रॅक्टरने ओढून वाडीत नेता येणार नाही. क्रेन हवी, ती उभी राहील असा धक्का हवा, खाली टेकू द्यायला पाळणा हवा. आणि हे फक्त पावसाळ्यापुरतं नाही. तौक्ते आलं ते १६ मे २०२१ ला, हंगाम चालू असताना. ज्यांना होडी वर ओढता आली त्यांची वाचली. इथे नांगरावरच्या बोटी बुडाल्या, माणसं गेली. त्या रात्री बाबा घरात बसले नव्हते, खिडकीशी उभे होते.

तुमची मैना दीड फूट पाण्यात तरंगते. बाबांच्या मते तेच तिचं सोनं आहे.

उधाण

ताईंनी नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलं. मी हे केलंय म्हणून लिहिते.

आमची २४ फुटी होती, रायगडच्या किनाऱ्यावर. जुनी, गळकी, लाडकी. मी आणि नवरा दोघंच चालवायचो. शुक्रवारी रात्री ठरवायचं आणि शनिवारी सकाळी शीड वर. एका हंगामात चाळीस दिवस पाण्यावर होतो, माझ्या वहीत नोंद आहे. मग ३१ फुटी घेतली. देखणी आहे, आजही तिच्याकडे बघून ऊर भरून येतो. पण मागच्या हंगामात नऊ दिवस. नऊच.

असं का झालं? तिच्या मोठ्या शिडाला माझी ताकद पुरत नाही, तिसरा माणूस लागतो, आणि तिसऱ्या माणसाला शनिवारी लग्नाला जायचं असतं. खाडीच्या तोंडावरच्या वाळूच्या दांड्यावरून पहिली बोट ओहोटीलाही जायची. ही फक्त भरतीच्या अलीकडे-पलीकडे दोन तास जाते. पावसाळ्यानंतर दांडा सरकतो, मग पहिल्या दिवशी कुणाला तरी होडीतून पुढे पाठवून काठीने पाणी मोजावं लागतं. आणि प्रत्येक वस्तू महाग. तळाचा रंग, दोर, नांगर, साखळी, सगळं.

वाईट बोट नाही ती. आमच्या जागेला आणि आमच्या दोघांच्या हातांना ती मोठी होते. हे विकत घेण्याआधी कळायला हवं होतं.

नाखवा७२

उधाण, तुमचा अनुभव मानतो. पण सगळे एकाच बाजूला झुकताय म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी व्यापारी जहाजांवर आयुष्य काढलं. समुद्रावर लांबी आणि वजन ही चैन नाही.

२२ फुटी बोटीचं वजन असेल सव्वा टन, ३० फुटीचं चार टन. लांबी दीडपटही होत नाही पण वजन तिपटीच्या वर जातं. दुपारच्या वायव्येच्या वाऱ्यात ज्या आखूड, उभ्या लाटा उठतात, त्यात सव्वा टनाची बोट प्रत्येक लाटेवर आपटते, चार टनांची कापत जाते. मूळ धाग्यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाक्य दिसलं ते मुलीचं. पोरीला समुद्राची भीती बसली तर तुमचं मालवण कायमचं गेलं. तारा, शिडं, डेक काहीही बदला, मैना २२ फुटीच राहणार.

भूगोलाच्या_बाई

वेगाचा हिशेब मी करून दिला तर चालेल का? दहावीच्या मुलांना अक्षांश शिकवताना हेच उदाहरण देते.

विजयदुर्ग साधारण १६ अंश ३३ मिनिटांवर, मालवण १६ अंश ३ मिनिटांवर. आपला किनारा इथे जवळजवळ उत्तर-दक्षिण आहे आणि अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल. म्हणजे अंतर तीस मैल. शिडाच्या बोटीच्या वेगाची मर्यादा तिच्या पाण्यावरच्या लांबीवर ठरते: फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ गुणिले १.३४. मैनेची पाण्यावरची लांबी १९ फूट धरली तर ५.८ नॉट, म्हणजे तासाला ५.८ सागरी मैल, ३० फुटीची २५ धरली तर ६.७. प्रत्यक्षात चांगल्या वाऱ्यात ५ आणि ५.८ मिळतील. तीस मैलांना सहा तास आणि पाच तास दहा मिनिटं.

म्हणजे दहा लाख जास्त घालून पन्नास मिनिटं वाचतात.

नाखवा७२

बाई, गणित बरोबर. पण ते वारा पाठीशी असतानाचं. वाऱ्याला तोंड देऊन येताना नागमोडी जावं लागतं, तीस मैलांचे चाळीस-पंचेचाळीस होतात. आणि मी वेगाबद्दल बोलतच नाहीये, हालण्याबद्दल बोलतोय.

खारावारा

नागमोडी किती जावं लागतं ते शिडावर ठरतं, काका. झोळी झालेलं शीड वाऱ्याच्या जवळ जाऊच शकत नाही. बोट पुढे कमी आणि आडवी जास्त सरकते, कलते, आपटते. वाघोटणकाठ, त्या दिवशी तुमच्या मुलीने जे भोगलं त्यातलं निम्मं त्या शिडांमुळे असणार. नवं, सपाट कापलेलं मोठं शीड लावलंत तर तीच मैना वेगळी वाटेल. मालवणहून परत यायला मदत करणारी यादीतली पहिली वस्तू म्हणाल तर मोठं शीड.

तांडेलाची_लेक

दोन्ही काकांचं बाबांना सांगितलं. ते हसले आणि मला विचारलं, "दुपारचो कित्याक येता तो?"

शिडाच्या काळात दक्षिणेकडून येताना कोणी दुपारी वायव्येच्या वाऱ्याला डोकं लावत नसे, असं त्यांचं म्हणणं. पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो, थंडीच्या दिवसांत चांगला सुटतो. तो पूर्वेकडून येतो, म्हणजे उत्तरेला जाणाऱ्या बोटीला आडवा, सगळ्यात सोपा. किनाऱ्याला धरून चाललं की पाणी तव्यासारखं सपाट. नऊ-साडेनऊला वारा पडतो, मग समुद्र निवांत. बाराच्या पुढे खारा वारा जोर धरतो. तोवर कुठल्यातरी खाडीत शिरून, नांगर टाकून भात शिजत ठेवायचा.

त्यांनी तुमचा परतीचा प्रवासच आखून दिलाय. मालवणहून फटफटताना निघा. सहा ते नऊ मतलईवर तीन-साडेतीन नॉटने आचऱ्याच्या पुढे. वारा पडला की दोन तास इंजिन. अकरा-साडेअकराला देवगडात. तिथे राहायचं, जेवायला आमच्याकडे. दुसऱ्या दिवशी पहाटे उरलेले दहा मैल विजयदुर्ग. डिसेंबर-जानेवारीत या म्हणतात.

नाखवा७२

तांडेलांना माझा नमस्कार सांगा. आखणी उत्तम आहे. दोन गोष्टी तेवढ्या जोडतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला खडक आहेत, तेव्हा काळोखात नांगर उचलायचा नाही, दिसायला लागल्यावरच. आणि पहाटे जाळी टाकलेली असतात. पुढे एक माणूस फक्त बोयांवर नजर ठेवून हवा. ते काम मुलीला द्या. नजर दूरवर असली आणि हाताला काम असलं की पोटात कमी ढवळतं.

मोठ्या बोटीचा माझा मुद्दा मी मागे घेत नाही. पण ताईंच्या वडिलांनी लाटाच टाळायला सांगितल्या, त्यामुळे तो या वर्षापुरता बाजूला ठेवतो.

पुळण

भात कोणता आणि कालवण कशाचं, हे ताईंनी लिहिलं नाही. धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा तपशील राहिला.

तांडेलाची_लेक

पुळण, उकड्या तांदळाचा. कालवण त्या दिवशी जाळ्यात जे येईल त्याचं.

सुतारपक्षी

आता डेक. आमचं घराणं जयगडच्या बाजूला मचवे बांधणारं. आजोबा सागवानावर काम करायचे, फळ्यांच्या सांध्यांत कापसाची वात ठोकायचे, वर उंडीचं तेल. वडील आणि मी फायबरवर आलो. लाकडाच्या मचव्याला "जुना झाला" असं आजोबा म्हणत नसत. एक फळी यंदा, एक पुढच्या वर्षी, असं करत वीस वर्षांत अर्धा मचवा नवा झालेला असे आणि मालकाला एकदम पैसे काढावे लागत नसत. फायबरला माणसं दहा वर्षं हात लावत नाहीत आणि मग एकदम चार लाखांचा आकडा बघून घाबरतात.

तुमच्या डेकला पाणी कुठून गेलं ते आधी शोधा. शंभरातल्या नव्वद वेळा एखाद्या बोल्टाचं भोक असतं. ते न शोधता वरून फायबर मारलंत तर दोन पावसाळ्यांत पुन्हा दबेल. कुजलेल्या भागावरचा वरचा थर कापून उचलायचा, आतलं काळं झालेलं लाकूड टोकरून काढायचं आणि मग वाळू द्यायचं. इथे घाई करू नका. आता सप्टेंबरात हवेत पाणी आहे. ऑक्टोबरचं ऊन खाऊ द्या, कोजागिरीनंतर नवं सागरी प्लाय इपॉक्सीत बसवा आणि वर फायबरचे थर. प्रत्येक बोल्टाचं भोक मोठं पाडून इपॉक्सीने भरायचं आणि त्यातून पुन्हा बारीक भोक पाडायचं. मग पाणी आलं तरी लाकडाला लागणार नाही.

खडूची हद्द हातभर असेल तर हे काम तुम्ही स्वतः एखाद्या कारागिराला हाताशी धरून करू शकता. डोलकाठीच्या बुडापर्यंत पोचली असेल तर ते दुसरं प्रकरण, तेव्हा मला बोलवा.

गोदीवाला

थोडं अवांतर. बोट जुनी म्हणजे तिचे दिवस संपले असं नाही, म्हणून म्हादेईची आठवण झाली. २००९ मध्ये गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली ५६ फुटी शिडाची बोट. त्याच वर्षी कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून एकटे निघाले आणि २०१० मध्ये जग फिरून आले. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी त्याच बोटीतून कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. एकाच बोटीने दोन माणसांना जगाभोवती नेलं. दोन सफरींच्या मध्ये तिचं कसून काम केलं म्हणूनच ना!

दुसरं, वाघोटणकाठ, तुम्ही आंग्र्यांच्या आरमारी गोदीच्या शेजारी राहता. भरतीला गलबत आत घ्यायचं आणि ओहोटीला ते कोरडं पडलं की तळाचं काम करायचं, ही युक्ती तुमच्याच खाडीतली. मैनेचा कील वर घेऊन उधाणाच्या भरतीला वाळूवर लावा, ओहोटीत बुडाची कवचं खरवडा, पुढच्या भरतीला तरंगवा. क्रेनचा खर्च शून्य. ३० फुटीला हे करायचं तर धक्क्याला टेकवून उभी ठेवावी लागेल, आणि ती आडवी पडणार नाही याची काळजी रात्रभर.

वाघोटणकाठ

मंडळी, तीन शनिवार-रविवार कामात गेले म्हणून उशीर झाला. सगळ्यांचे प्रतिसाद छापून वाडीत नेले होते.

पहिला शनिवार तारांचा. मुलगी म्हणाली, कापूस मी फिरवते. उजव्या बाजूच्या तिन्ही तारा स्वच्छ गेल्या. डाव्या बाजूच्या खालच्या तारेवर, नळीतून तार बाहेर येते तिथेच, बोळा अडकला. तिने हळूच मागे ओढला तर कापसाचा एक धागा तारेवर राहिला, हवेत हलत होता. भिंगातून बघितलं, एक तंतू तुटलेला आणि शेजारच्यावर तांबूस डाग. आचऱ्याच्या समोर लाटांवर आपटत होतो तेव्हा सगळा भार याच बाजूच्या तारांवर होता. ती तेव्हा याच बाजूला माझ्या पायाशी झोपलेली. खारावारा, तुमचे आभार कसे मानू ते कळत नाही. पट्ट्याही खोलल्या. एकीला डेकच्या जाडीत चीर निघाली, अगदी तुम्ही म्हणालात तिथेच.

डेकची हद्द आखली. हातभर लांब, दीड वीत रुंद, मधोमध एका जुन्या खुंटीचे बोल्ट. डोलकाठीच्या बुडाशी आवाज टणक आहे, चारचारदा ठोकून बघितला. वरचा थर कापून ठेवलाय, आतलं लाकूड ओल्या चहापत्तीसारखं हाताने निघालं. आता ऊन खातंय.

पुढच्या शिडाची नुसती शिवण गेली होती, कापड ठीक आहे. इंजिनचा कार्ब्युरेटर उघडला तर आत वाळलेल्या पेट्रोलचा चिकट थर. साफ करून, प्लग बदलून दुसऱ्या ओढीला उठलं.

नवा हिशेब असा: तारा ५५ हजार, पट्ट्या १२, मोठं शीड ६५, पुढच्याची शिवण ६, डेक २८, इंजिन ६. एकूण १ लाख ७२ हजार. गाद्या आणि दिवे यादीतून काढले. बॅटरी जुनीच.

हिशेबनीस

म्हणजे हातात २ लाख २८ हजार उरले. महिन्याचे बारा हजार चालू ठेवलेत तर १४ लाखांना साधारण सहा वर्षं. पाचची सहा झाली. उशीर एका वर्षाचा, आणि मधली सहाही वर्षं पाण्यावर.

उधाण

तोवर वही ठेवा. हंगामात किती दिवस गेलात, किती माणसं होती, कुठे अडलात. सहा वर्षांनी ती वहीच सांगेल की मोठी हवी की नको. तेव्हाही हवीशी वाटली तर उचलत्या कीलची शोधा. मिळायला वेळ लागेल, पण थांबा.

नाखवा७२

तार तुटली असती तर डोलकाठी पोरीच्या अंगावर आली असती. मी मोठ्या बोटीची तरफदारी करत होतो आणि तारांबद्दल एक शब्द लिहिला नाही. खारावारा, शाबास.

वाघोटणकाठ

काका, तुमचं "पुढे नजर ठेवायचं काम मुलीला द्या" हे तिने स्वतः वाचलं. जुन्या दुर्बिणीची काच पुसून ठेवलीय. मालवणचं मी काही विचारलं नव्हतं, तीच म्हणाली की डिसेंबरात नाताळच्या सुट्टीत जाऊ, पण पहाटे निघणार असाल तरच.

त्रिपुरी पौर्णिमेच्या उधाणावर मैना पाण्यात घालतोय. भरती अकरा-बाराच्या सुमारास पूर्ण होईल, ट्रॅक्टर नऊला येतो. जवळपास असाल ते या, ओढायला हात हवेत.

तांडेलाची_लेक

बाबा आदल्या दिवशीच एसटीने येतो म्हणतायत. सुती दोर घरून आणू का, असं विचारायला सांगितलंय.

वाघोटणकाठ

आणायला सांगा. आणि उतरायला आमच्याकडेच.

पुळण

नऊला पोचतो. सुरमई मी आणतोय.